झगा, पुस्तकं आणि मार्क (सेवेतल्या मुलास आईचं पत्र)

प्रिय बाळा,

प्रभू येशूच्या नावात तुला, सूनबाईला आणि छोटीला सलाम आणि खूप आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. खजिनदारानं किल्ल्या आणून टेबलावर ठेवल्या, दोन वडीलजनांनी कमिटी सोडली, त्यांच्यामागं सात घरं गेली, पेटी वाजवणारा मुलगा येईनासा झाला. हॉलच्या भाड्याला दर महिन्याला हातभार लावणाऱ्या मित्रानंही यापुढं जमणार नाही म्हणून कळवलं. एवढं सगळं महिन्याभरात झाल्यावर माणूस हलणारच. पण निरोपाच्या शेवटी तू लिहिलंस की आता माणसांकडून कसलीच अपेक्षा नाही, यापुढं फक्त देव आणि मी. हे पत्र मी त्या एका ओळीसाठी लिहिते आहे.

ऐकायला ती ओळ विश्वासाची वाटते. मला तिच्यात दुखावलेपण जास्त दिसतं. शास्त्रात ज्यांना खरोखर सगळ्यांनी सोडलं, त्यांचं बोलणं वाचून बघ. देव माझ्याजवळ आहे, असं ते म्हणतात आणि त्याच दमात माणसांना हाकही मारतात. मीच एकटा उरलो असं एलीया संदेष्टा बोलला खरा, पण देवानं त्याचं ते म्हणणं मान्य केलं नाही. त्याच्याकडे मी पुढं येते.

आधी २ तीमथ्य ४ काढ. नवव्या वचनापासून शेवटपर्यंत सावकाश, मोठ्यानं वाच. पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, हे पत्र लिहितोय. तो रोममध्ये बेड्यांत आहे, आपला शेवट जवळ आलाय हे त्याला ठाऊक आहे. पहिल्या जबाबाच्या वेळी माझ्या बाजूनं कोणी उभं राहिलं नाही, सर्वांनी मला सोडलं, पण प्रभू माझ्याजवळ उभा राहिला आणि त्यानं मला शक्ती दिली, असं तो लिहितो. आपण प्रवचनात हेच वचन घेतो आणि इथंच थांबतो. त्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या ओळी तितक्याच महत्त्वाच्या आहेत. तीमथ्या, होईल तितकं करून लवकर ये. मार्काला बरोबर आण, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. त्रोवसात कार्पाकडे माझा झगा राहिलाय तो आण, पुस्तकं आण, विशेषतः चर्मपत्रं. आणि हिवाळ्यापूर्वी ये. प्रभू जवळ उभा आहे हे अनुभवलेला माणूस अंगावर घ्यायला झगा मागतो, वाचायला पुस्तकं मागतो, आणि दोन माणसं नावानिशी बोलावतो. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. देवावर भरवसा आहे म्हणून आता कुणाची गरज नाही, असं तो कुठंही म्हणत नाही.

त्याच भागात आणखी एक शिकण्यासारखं आहे. निघून गेलेल्या सगळ्यांना पौल एका मापानं मोजत नाही. देमासाला आताचं जग प्रिय झालं म्हणून तो सोडून गेला, एवढं एक वाक्य, त्यात शिवीशाप नाही. क्रेस्केस गलतियाला गेला, तीत दालमतियाला गेला, त्यांच्यावर ठपका नाही. तुखिकाला तर मीच इफिसला पाठवलं, म्हणतो. आलेक्सांद्र तांबटानं पुष्कळ वाईट केलं, त्याचं फळ प्रभू त्याला देईल, आणि तीमथ्या, तूही त्याच्यापासून जपून राहा. पहिल्या जबाबाच्या वेळी जे आलेच नाहीत, त्यांच्याबद्दल मात्र, हे त्यांच्याकडे मोजण्यात न येवो. किती निरनिराळ्या नोंदी आहेत बघ.

तूही आज रात्री वही घे आणि गेलेल्या प्रत्येकाचं नाव लिही. पुढं फक्त तुला ठाऊक असलेलं लिही, अंदाज लिहू नकोस. कुणाची बदली झाली, कुणाच्या घरी आजारी सासू आहे, कुणी प्रवचनातल्या एका वाक्यावरून रागावलं, कुणी दुसऱ्या मंडळीत गेलं कारण तिथं मुलांसाठी संडे स्कूल चांगलं आहे, आणि कुणी खरोखर पाठीमागं बोलून घरं फोडली. अशी वही लिहिलीस की सात घरं एकाच कारणानं गेलेली नाहीत हे तुझं तुलाच दिसेल. जिथं कारण ठाऊक नाही तिथं जागा कोरी सोड. त्या कोऱ्या जागा म्हणजे तुला ज्या घरी जायचंय ती घरं.

भीतीनं गेलेल्यांची नावं वेगळी काढ. तुझ्या भागात प्रार्थनेला येतो म्हणून भावकीनं पाणी-लग्न-मयत बंद केलं तर माणूस टिकणं अवघड होतं. अशा घराला विश्वासात कमी पडलात असं बोलू नकोस. महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे. वाळीत टाकणं हा त्याखाली गुन्हा आहे आणि पोलिसांत तक्रार करता येते. तक्रार करायची की नाही हे त्यांनी ठरवायचं. तू फक्त माहिती दे आणि रात्री-अपरात्री हाक मारली तर जा. पेत्रही भीतीनंच येशूला ओळखत नाही म्हणाला होता.

भेटीला जाशील तेव्हा मत्तय १८ मधला क्रम सोडू नकोस. आधी एकटा, मग एकदोघांना घेऊन, मग मंडळी. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. आधी मंडळीत बोभाटा, मग व्हॉट्सॲपवर लांबलचक मजकूर, आणि समोरासमोर कधीच नाही. तू एकटा जा. आधी फोन करून वेळ घे, संध्याकाळी जेवणाच्या आधीची. बोलायचं एवढंच: तुम्ही येत नाही हे मला जाणवतं. माझ्याकडून काही चुकलं असेल तर मला सांगा. मी ऐकायला आलोय. मग गप्प बस. मध्ये खुलासा देऊ नकोस, निम्मी भांडणं तिथंच पुन्हा पेटतात. परत या असं त्या दिवशी म्हणू नकोस. त्यांनी प्रार्थना करू दिली तर दोन वाक्यांची कर, आणि प्रार्थनेतून टोमणा मारू नकोस. हे मुद्दाम लिहिते, कारण डोळे मिटून देवाशी बोलताना समोरच्याला चार शब्द सुनावण्याची खोड पुष्कळ सेवकांना असते आणि ती लोकांना बरोबर कळते. अर्ध्या तासात ऊठ. घरी येऊन त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहून ठेव. तीन वेगवेगळ्या घरांनी एकच तक्रार सांगितली तर ती खरी आहे असं धरून चाल आणि रविवारी उभं राहून साध्या शब्दांत कबूल कर.

आता एलीया. १ राजे १९ वाचताना आपण झंझावात, भूकंप, अग्नी आणि मंद वाणीकडे धावतो. मी तुला तिसऱ्या वचनाकडे नेते. ईजबेल राणीच्या भयानं पळताना एलीया बैरशेब्यापर्यंत आला आणि आपल्या चाकराला तिथं ठेवून स्वतः एक दिवसाची वाट रानात गेला. जवळ एक माणूस होता, त्याला त्यानं स्वतःच मागं ठेवलं, आणि पुढं होरेबावर देवाला सांगितलं की मीच एकटा उरलोय. त्याआधीच्या अध्यायात राजाचा कारभारी ओबद्या यानं त्याला सांगितलं होतं की परमेश्वराच्या शंभर संदेष्ट्यांना मी पन्नास-पन्नास करून गुहांत लपवलं आणि अन्नपाणी पुरवलं. म्हणजे एलीयाला ते ठाऊक होतं. दुखावलेल्या माणसाला गेलेले दिसतात, राहिलेले दिसत नाहीत. तुझ्याकडे अजून अठरा माणसं येतात असं तू लिहिलंस, तेही कंसात. त्या अठरा जणांनी हे वाचलं तर त्यांना काय वाटेल?

देवानं एलीयाशी काय केलं त्याचा क्रमही बघ. आधी झोप. मग भाकर आणि पाणी. पुन्हा झोप. पुन्हा भाकर आणि पाणी, कारण वाट फार लांबची होती. प्रश्न त्यानंतर, आणि तोच प्रश्न दोनदा. एलीयानं दोन्ही वेळा तेच गाऱ्हाणं तसंच सांगितलं, आणि देवानं त्याला मध्ये अडवलं नाही. मग तीन कामं दिली, त्यातलं तिसरं आपल्या जागी अलीशाला संदेष्टा नेमण्याचं होतं. सर्वांत शेवटी सांगितलं की बआल दैवतापुढं गुडघे न टेकलेले सात हजार मी इस्राएलात राखून ठेवले आहेत.

म्हणून आधी झोप आणि जेवण. तू लगेच एकवीस दिवसांचा उपवास धरणार आहेस असं सूनबाईकडून कळलं. आत्ता धरू नकोस. उपवासाला माझा विरोध नाही, पण तीन आठवडे धड झोप न झालेल्या माणसानं लांब उपवास धरला की चिडचिड वाढते, डोकं दुखतं, आणि त्या अवस्थेत घेतलेले निर्णय प्रभूकडून आले असं वाटू लागतं. हवं तर आठवड्यातून एक दुपारचं जेवण सोड. सोमवारी सुट्टी घे, खरोखरची सुट्टी, फोन सूनबाईकडे देऊन. आणि एलीयासारखं मरण आलं तर बरं असं वाटू लागलं, किंवा दोन आठवडे झोप आणि भूक दोन्ही गेली, तर डॉक्टरकडे जा. देवानं दूताच्या हाती भाकर पाठवली, तशीच औषधाची चिठ्ठीही पाठवतो. त्यात विश्वासाला बाध येत नाही.

रविवारचं सांगते. साठ खुर्च्या मांडून अठरा माणसं बसली की प्रत्येकाच्या शेजारी दोन रिकाम्या खुर्च्या येतात आणि सगळ्यांचं लक्ष त्यांच्याकडेच जातं. पंचवीसच मांड, पुढच्या बाजूला अर्धगोलात, बाकीच्या मागं थप्पी लावून चादर टाक. दहा म्हणजे दहाला सुरू कर, अजून कुणी येईल म्हणून वाट बघू नकोस. जे वेळेवर आले त्यांचा तो अपमान होतो. पेटीवाला नाही तर कीबोर्ड उघडूच नकोस, टाळ आणि डफ घेऊन माहितीतली तीन भजनं घे, खालच्या सुरात, म्हणजे म्हाताऱ्यांचा आवाज पोचेल. प्रवचन वीस मिनिटांच्या वर नको. आणि गेलेल्यांवर व्यासपीठावरून एक अक्षर नको. देमासावर प्रवचन तर पुढचे सहा महिने नकोच, वचन कितीही योग्य वाटलं तरी. योहान १० घे, फिलिप्पैकरांस पत्र घे, आलेल्यांना खायला घाल. गेलेल्यांना ऐकवण्यासाठी दिलेलं प्रवचन ऐकायला ते नसतातच. ते ऐकतात राहिलेले, आणि उद्या आपलंही असंच होईल हे मनात धरून बसतात.

घोषणेच्या वेळी मात्र खरं सांग. काही कुटुंबं सध्या आपल्यात नाहीत, त्यांच्यासाठी आपण प्रार्थना करू, कुणी वाईट बोलू नये, काही प्रश्न असतील तर मला भेटा. चार वाक्यं पुरेत. काहीच सांगितलं नाहीस तर बाहेर चहाच्या टपरीवर दुसरी गोष्ट तयार होते.

किल्ल्या आणि पैशाच्या बाबतीत मी जास्त लिहिणार आहे, कारण सेवक प्रार्थनेत कमी पडत नाहीत, इथं कमी पडतात. खजिनदारानं किल्ल्या दिल्या म्हणजे सगळं हवाली झालं असं समजू नकोस. यादी कर: मुख्य दार, कपाट आणि दानपेटीच्या किल्ल्या, रोकड वही, वापरलेली आणि कोरी पावती पुस्तकं त्यांच्या क्रमांकांसह, चेकबुक, पासबुक, इतिवृत्ताची वही, सभासदांची यादी, बाप्तिस्म्याचं आणि लग्नाचं रजिस्टर, भाडेकरार, विजेची बिलं. दोन प्रती, दोघांच्या सह्या, तारीख, आणि साक्षीला तिसरा कुणी. पैसे मोजून शिल्लक वहीशी जुळवा. पाच-पन्नास रुपयांचा फरक आला तर तो तसाच लिहा, खिशातून घालून जुळवू नका.

त्यानंतर दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. बँकेचा ओटीपी अजून त्यांच्याच मोबाइलवर जात असतो, आणि भिंतीवर चिकटवलेला क्यूआर कोड कधी कधी संस्थेच्या खात्याचा नसून खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याचा असतो. आजच तपास. कोड वैयक्तिक असेल तर रविवारच्या आत काढ. कुणाची लबाडी आहे असं मी म्हणत नाही, सोयीसाठी केलेलं असतं. पण सोडून गेलेल्या माणसाच्या खात्यात दान जात राहिलं तर त्याचंही नाव खराब होतं आणि तुझंही.

तुमचा ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे. तोंडी मी कमिटी सोडली म्हणणारा विश्वस्त कागदावर विश्वस्तच राहतो. लेखी राजीनामा घे. तुमच्या घटनेत जितक्या दिवसांची नोटीस आणि जितकी गणसंख्या लिहिलीय तितकी पाळून सभा घे, राजीनामा मंजूर केल्याचा आणि नव्या विश्वस्ताचा ठराव इतिवृत्तात लिही. मग महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे बदल घडल्यापासून ९० दिवसांच्या आत बदल अहवाल दाखल करायचा असतो. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो आणि काम लांबतं. हे का सांगते? दोन वर्षांनी हॉलसाठी जागा घ्यायची वेळ येते, तेव्हा परिशिष्ट एकच्या, म्हणजे ट्रस्टच्या सरकारी नोंदीच्या, उताऱ्यावर जुनीच नावं असतात, बँक नव्या सह्या घेत नाही, आणि ज्यांच्याशी बोलणं राहिलं नाही त्यांच्याच दारात सहीसाठी जावं लागतं. आत्ता मन मोडलंय म्हणून कागद पुढं ढकलशील तर तेव्हा दुप्पट मोडेल. तालुक्याच्या ठिकाणी ट्रस्टची कामं करणारा वकील असतो, त्याला भेट.

दानार्पण मोजायला दोघं बसवायचे, उपासना संपल्यावर लगेच, तिथल्या तिथं. कमिटीतलं कुणी नसेल तर अठरा जणांतल्या दोघी बहिणींना सांग, पण तू आणि सूनबाई मोजायला बसू नका. रक्कम आकड्यात आणि अक्षरी, दोघींच्या सह्या, सोमवारी बँकेत भरणा, स्लिप वहीत चिकटवायची. मंडळी लहान झाली की वाटतं, आता आपलीच चार माणसं, कशाला एवढं. नेमकं तेव्हाच हे हवं, कारण बाहेर गेलेल्यांचा पहिला प्रश्न पैशाचाच असतो.

पुढच्या तीन महिन्यांचा खर्च एका कागदावर मांड. भाडं, वीज, प्रवास, गरजूंना मदत, तुमचं घर. मग काय थांबेल ते ठरव. हॉलचं भाडं झेपत नसेल तर मालकाला आधी भेटून लहान जागा माग किंवा दोन-तीन घरांत उपासना फिरती ठेव. रोममध्ये प्रिस्किल्ला आणि अक्विलाच्या घरी मंडळी जमत होतीच. भाड्यासाठी स्वतःच्या नावावर कर्ज काढू नकोस, सूनबाईचे दागिने गहाण ठेवू नकोस. यात विश्वासाची पायरी वगैरे काही नाही. आणि परदेशातल्या कुणी कळवळून मी पैसे पाठवतो म्हटलं तर नम्रपणे थांबव. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना संस्थेनं परदेशी देणगी घेणं गुन्हा आहे, आणि ती तुझ्या वैयक्तिक खात्यातून फिरवणं त्याहून वाईट.

त्या मित्राला पत्र लिही. एकच पान. आजवर दिलेल्याबद्दल आभार, मिळालेल्या रकमेचा हिशेब, सध्याची स्थिती चार ओळींत, आणि पुढं कधी शक्य झालं तर आनंदच आहे असं एक वाक्य. त्याला अपराधी वाटेल असं काही नको. फिलिप्पै ४ मध्ये पौल मला तृप्त राहायला शिकता आलंय म्हणतो, आणि लगेच, तुम्ही माझ्या संकटात सहभागी झालात हे चांगलं केलंत, हेही म्हणतो. तुमच्याशिवाय दुसऱ्या कुठल्या मंडळीनं देण्याघेण्यात भाग घेतला नाही, आणि एपफ्रदीताच्या हाती तुमचं सगळं पोचलं, अशी पावतीसुद्धा देतो.

आपल्याच मातीतलं उदाहरण हवं असेल तर पंडिता रमाबाईंचं बघ. ११ मार्च १८८९ ला त्यांनी मुंबईत शारदासदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. सदनात धर्माच्या बाबतीत कुणावर सक्ती होणार नाही असं ठरलेलं होतं, आणि रानडे-भांडारकरांसारखी मोठी माणसं सल्लागार मंडळात होती. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, मुली येऊन बसू लागल्या. सल्लागारांना वाटलं ठरलेलं मोडलं. रमाबाईंना वाटलं, मी कुणाला बोलावत नाही, पण माझ्या प्रार्थनेचं दार बंदही करणार नाही. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकरांनी राजीनामे दिले, वर्तमानपत्रांत गदारोळ उठला, पुष्कळ पालक मुलींना घेऊन गेले. दुसऱ्या बाजूनं, सदनात उघड ख्रिस्ती शिक्षण का देत नाही म्हणून ख्रिस्ती लोकांचीही टीका होतीच. म्हणजे दोन्हीकडून. माझं मत विचारशील तर सल्लागारांना दुष्ट म्हणायचं कारण नाही. त्यांनी आपल्या समजुतीप्रमाणे केलं. तुझे वडीलजनही तसेच असू शकतील, एवढं मनात ठेव.

रमाबाईंनी पुढं काय केलं ते जास्त महत्त्वाचं. राहिलेल्या मुलींची शाळा चालूच ठेवली. बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशननं दहा वर्षांच्या मदतीचं वचन दिलेलं होतं, तिचे वार्षिक अहवाल छापले जात, कामाचा आणि पैशाचा हिशेब जात असे, आणि ते मंडळ पाठीशी राहिलं. पण दहा वर्षं संपल्यावर काय, हाही विचार त्यांनी आधीच केला आणि केडगावला जमीन घेऊन फळझाडं लावली. पुढं १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि बायका आणल्या, तेव्हा त्यांना उतरवायला ती जमीन होती. मुक्ती मिशन तिथंच उभं राहिलं. सल्लागार गेले त्या वर्षी, आता मला कुणाची गरज नाही म्हणून बॉस्टनशीही संबंध तोडला असता तर? त्या प्रार्थना करत होत्या, हिशेब पाठवत होत्या आणि झाडंही लावत होत्या, या तिन्ही गोष्टी एकाच विश्वासातल्या.

सूनबाईबद्दल एक सांगायचंय. रात्री सगळं तिच्याच कानावर घालू नकोस. गेलेल्या घरांतल्या बायका तिच्या मैत्रिणी होत्या, तिचंही तुटलंय, आणि वर तुझा राग ती साठवत राहते. तू चार दिवसांनी माफ करशील, तिच्या मनात ते राहील. जवळच्या तालुक्यातले वयस्क पाळक आहेत, त्यांना विचारून दर पंधरवड्याला एक तास ठरव आणि तिथं मोकळा हो. अनेसिफरानं पौलाला रोममध्ये शोधून काढलं आणि अनेकदा ताजंतवानं केलं, असं २ तीमथ्याच्या पहिल्या अध्यायात आहे. तुझा अनेसिफर तुला शोधत येईल तेव्हा येईल, आत्ता तू जा.

आणि देवापुढं खोटं शांत राहू नकोस. तेराव्या स्तोत्रात सहाच वचनं आहेत आणि पहिल्या दोन वचनांत चार वेळा विचारलंय, किती काळ? सकाळी ते मोठ्यानं म्हण. पंचावन्नावं म्हण, त्यात शत्रूनं नव्हे तर बरोबर देवाच्या घरात चालणाऱ्या सोबत्यानंच घाव घातल्याचं दुःख आहे. एकशे बेचाळिसावं म्हण. राग आला तर त्याच्याकडे बोल, फोनवर नको. सत्ताविसाव्यातलं आईबापांनी सोडलं तरी परमेश्वर जवळ करील हे वचन तुला लहानपणापासून पाठ आहे. मी आई असून सांगते, त्यावर टेक. आम्हीही कायमचे नाही.

कुणी परत आलं तर काय, हेही आत्ताच ठरवून ठेव, नाहीतर त्या दिवशी रागानं किंवा आनंदानं चूक होईल. पौल आणि बर्णबाच्या पहिल्या सुवार्ता-फेरीत मार्क त्यांना सोडून पंफुल्यातल्या पेर्गेहून परत फिरला होता. पुढच्या फेरीला त्याला न्यायचं नाही म्हणून पौल बर्णबाशी इतका भांडला की दोघं वेगळे झाले. बर्णबानं मार्काला घेतलं आणि कुप्राला नेलं. कितीतरी वर्षांनी तोच मार्क मला उपयोगी आहे असं पौल लिहितो. मधल्या काळात त्याला बर्णबानं सांभाळलं, पौलानं नव्हे. म्हणून तुझी दोन घरं शेजारच्या मंडळीत बसू लागली असतील तर तिथल्या पाळकांना फोन करून त्यांची चांगली ओळख करून दे. आणि उद्या पेटीवाला मुलगा दारात उभा राहिला तर विचारपूस कर, आत घे, रविवारी पेटी त्याच्यापुढं ठेव. खजिनदार परत आले तर त्यांनाही तितक्याच प्रेमानं बसव, पण किल्ल्या आणि चेकबुक सहा महिने तरी नव्या माणसांकडेच राहू देत, आणि हे त्यांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांग.

पप्पा बुधवारच्या गाडीनं निघताहेत. हिशेबाच्या वह्या काढून ठेव, तुम्ही दोघं मिळून बघा. येताना तुझा जाड स्वेटर आणि ग्रीक कोश पाठवते. आणखी काही हवं असेल तर संकोच न करता लिही.

तुझी,
आई